अंजन उगवलं नाही म्हणून रान मोडू नका

भाऊ, शिंदखेड्याकडच्या दोन एकर बरड रानात अंजन गवत पेरून पंचवीस दिवस झाले, कोंब दिसत नाही, आता नांगरून तीळ टाकू का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "आते काय करू?" ते वाचून माझा २०१९ चा पावसाळा डोळ्यासमोर आला. आधी एवढंच सांगतो, नांगर घालू नका.

२०१८ च्या दुष्काळात कडबा विकत घेऊन घेऊन मी मेटाकुटीला आलो होतो. पुढच्या वर्षी मुरमाड तुकड्यात गवतच लावायचं ठरवलं. बियाण्यासाठी ज्या कार्यालयात गेलो, तिथे आधी दोन खेपा फुकट गेल्या, कारण त्यांना वाटलं मला अंजनाच्या झाडाची रोपं हवीत. तिसऱ्या खेपेला पिशवी मिळाली. बी कधीचं, ते पिशवीवर नव्हतं. कसं पेरायचं विचारलं तर उत्तर आलं, "ज्वारीसारखं पेरा आणि वखराची पाळी द्या." या एका वाक्याने माझं वर्ष खाल्लं.

मी तसंच केलं. बी फेकलं, वर वखर फिरवला, बी तीन-चार बोटं खाली गेलं. महिनाभर वाट पाहिली आणि पाचव्या आठवड्यात रान मोडून तीळ टाकला. पोळा झाल्यावर बांधावर गेलो तर वाऱ्याने उडून बांधाच्या कडेला पडलेलं बी तरारून आलं होतं. सात-आठ ठोंब, काहींना केसाळ तुरेही फुटलेले. तिथे वखर पोचला नव्हता, बी उघड्यावरच पडलं होतं. शेतात जे पुरलं गेलं, ते मी स्वतःच मोडलं होतं. तीळही धड आला नाही. उन्हाळ्यात वैरण नव्हती म्हणून दोन गायी विकाव्या लागल्या. कार्यालयात सांगायला गेलो तर म्हणाले, जमीनच खराब असेल. ज्याने चुकीचं सांगितलं त्याचं काही गेलं नाही, गायी माझ्या गेल्या, हे अजून सलतं.

आता तुमचं. पिशवीत उरलेलं थोडं बी तळहातावर घ्या. तुम्ही ज्याला बी म्हणता तो केसांचा गुच्छ आहे, खरा दाणा आत असतो. अंगठ्याने जोरात चोळा, केस झडतील आणि बाजरीपेक्षा बारीक दाणे दिसतील. कितीतरी गुच्छ पोकळ निघतात. दहा-वीस चोळून पाहा, म्हणजे पिशवीत माल होता की नुसती फुसकी, ते कळेल. दाणे असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. ताजं बी असेल तर तेही लगेच फुटत नाही. नव्या बियाण्याला झोप असते, सहा महिने ते वर्षभर कोरड्यात ठेवल्यावर ते चांगलं उगवतं. रानातलं काही पुढच्या पावसातही निघेल, नांगर घालू नका म्हणतो ते त्यासाठीच.

पुन्हा पेरायचंच असेल तर एकरी दोन किलो बी पुरे. नुसतं फेकू नका, उडून एका कोपऱ्यात जमतं. ओलसर मातीत कालवा, दोन ओळींत दीड-दोन फूट ठेवा आणि वर एखादं सेंटिमीटर माती, त्याहून जास्त नाही. काटेरी फांदी ओढली तरी भागतं.

माझं मत विचाराल तर बियाण्याच्या नादी लागूच नका, ठोंब लावा. जुना ठोंब फोडायचा, दोन-तीन फुटवे मुळासकट घ्यायचे, शेंडा छाटायचा आणि भर पावसात दीड-दीड फुटावर खोचायचे. एकरी एकोणीस हजारांच्या आसपास लागतात, मजुरी जाते हे खरं, पण डोळ्यांना दिसतं काय जगलं ते. माझं आजचं सगळं रान त्या बांधावरच्या सात-आठ ठोंबांचं आहे.

पहिल्या वर्षी शेळी आत सोडायची नाही. ठेलारी भाऊ मेंढरं घेऊन येतात त्या दिवसांत राखण ठेवा, कोवळं मूळ उपटलं गेलं की संपलं. कापताना वीतभर बुडखा सोडा, तुरे निसवायला लागले की कापा, बी धरल्यावर काडी निबर होते. उन्हाळ्यात सगळं वाळून करडं पडेल, ते मेलेलं नसतं, पहिल्या पावसाला बुडातून फुटतं.

मी शेतकी शिकलेला नाही, माझं रान साक्रीकडचं, निचऱ्याचं. तापीकाठच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत अंजन कुजतं, तिथे मारवेल गवत बघा, पण तो माझा अनुभव नाही.

आणि सारंगखेड्याच्या बाजारातून कोणी घोडा आणला असेल तर त्याला महिनोन् महिने नुसत्या अंजनावर ठेवू नका. या गवतातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे घोड्याला कॅल्शियम मिळत नाही, हाडं बिघडतात. गाय-बैलाला त्याचा तेवढा त्रास नाही, तरी जनावरांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

फडक्यातल्या बियाचं काय झालं ते आठ दिवसांनी इथेच लिहा. वीसपैकी दोन-चार जरी फुटले तरी रान तसंच राहू द्या.