ताण-संप्रेरक की तणाव-संप्रेरक?

‘स्ट्रेस हार्मोन’ला मराठीत ताण-संप्रेरक म्हणावं की तणाव-संप्रेरक, की दोन्ही एकच, असा प्रश्न आला आहे.

माझा कौल ‘ताण’ला. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो, पण क्रियापदं पाहा. ताण पडतो, सोसवतो, देताही येतो. स्नायूंवर पडतो, डोळ्यांवर पडतो, नाव आठवेना की आपणच डोक्याला देतो. तणाव बहुधा निर्माण होतो आणि निवळतो: दोन देशांत, दोन भावांत, मनात. (तंबूची दोरी म्हणजे तणावा, तो इथे नको.)

आता हे संप्रेरक नेमकं कशाचं? १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य, काहीही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो आणि त्यात अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रेनल) ग्रंथी मोठ्या होतात. थोडक्यात, शरीरावर भार पडला आणि शरीराने त्याला उत्तर दिलं. त्या उत्तरात याच ग्रंथींची दोन ताण-संप्रेरकं येतात. अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत धावतं. कॉर्टिसॉल सावकाश, साधारण वीस-तीस मिनिटांत शिखर गाठतं आणि रक्तात साखर खेळती ठेवतं.

शिवाय कॉर्टिसॉल रोज सकाळी, मन शांत असतानाही, चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. दमदार व्यायामानेही वाढतं. म्हणून ‘कॉर्टिसॉल जास्त, म्हणजे माणूस तणावात’ हा उलटा हिशेब चुकतो. ‘तणाव-संप्रेरक’ हे नाव नेमकं त्याच हिशेबाला खतपाणी घालतं.

मनाशी त्याचा संबंध नाही, असं मात्र नव्हे. कुशिंग विकारात कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहतं. त्यात रक्तदाब आणि रक्तशर्करा वाढतेच, पण नैराश्य, चिडचिड आणि निद्रानाशही पुष्कळदा दिसतो. उलट अ‍ॅडिसनच्या आजारात ते कमी पडतं, आणि रुग्ण थकून गळून जातो. इतकं कमी, की उपचार न मिळाल्यास जिवावर बेतू शकतं. तेव्हा त्याला ‘वाईट हार्मोन’ म्हणणाऱ्या मथळ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

‘सततच्या तणावामुळे ताण-संप्रेरकं वाढली’ हे वाक्य मला बिनचूक वाटतं. दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत. आणि कॉर्टिसॉल ‘वाढला’ की ‘वाढलं’? संप्रेरक नपुंसकलिंगी, म्हणून मी ‘वाढलं’ लिहितो.