शहराच्या कडेला हरणं फार झालीत, अमेरिकेसारखी मारून कमी का करत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की नव्या कॉलनीच्या मागं रोज वीस-पंचवीस हरणं यायलेत, बागा खातात, रात्री गाडीला आडवी येतात, मग परदेशात करतात तसं थोडी मारून का टाकत नाहीत. मी लातूरचा. औसा रोडला आमचं पाच एकर रान आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी आता प्लॉटिंग झालंय, म्हणजे शेतकऱ्याचं पण ऐकतो आणि कॉलनीवाल्यांचं पण.

आधी अमेरिकेचं. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण हे वेगळंच प्रकरण आहे. 1900 च्या आसपास शिकारीनं ते काही लाखांवर आलं होतं, आता काही कोटींत आहे, खायला चांगलं मिळालं की मादी जुळी पिल्लं देते आणि बहुतेक ठिकाणी त्याला खाणारे लांडगे उरले नाहीत. बंगल्यांच्या मधे कुणालाही बंदूक चालवू देता येत नाही, म्हणून काही गावं रात्रीचे पगारी नेमबाज लावतात, काही तिरकमठावाल्यांना परवाने देतात, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर तर 2016 पासून नरांची नसबंदी केली. (आपल्याकडं कुत्र्यांची होईना, ते सोडा.) पिल्लं होऊ नयेत म्हणून इंजेक्शन पण आहे, पण एकेक मादी गाठून द्यायचं आणि परत परत द्यायचं, त्यामुळं बेटासारख्या बंद जागेतच ते जमतं.

आपल्याकडं माळावर दिसतं ते काळवीट. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. मारलं तर तीन ते सात वर्षं आत आणि वर किमान 25 हजार दंड, म्हणजे तो विषय तिथंच संपला. रोही (नीलगाय) आणि रानडुकराचं वेगळं, तिथं वनखात्याच्या परवानगीची वाट आहे.

आणि खरं सांगू का, वाढली थोडी असतील पण जास्त करून ती दाटलीत. काळवीट एका वेताला एकच पाडस देतं, त्याला उघडा माळ लागतो, लांबचं दिसायला लागतं, झाडीत ते थांबत नाही. आमच्या मागच्या गायरानात पूर्वी कळप दूर दूर पांगलेले असायचे, आता गायरानाला चारी बाजूंनी तारा, उरलेल्या तुकड्यात सगळी एका जागी दिसतात आणि आपण म्हणतो बघा किती झालीत.

नुकसान खोटं नाही. सोयाबीन दोन पानांवर आलं की फक्त शेंडा खातात, सकाळी बघावं तर ओळीच्या ओळी नुसत्या काड्या. आईनं जुन्या साड्या बांधल्या चारी बाजूंनी, आठवडाभर भागलं, मग हरणं साडीखालूनच निघायला लागली. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं) बरं चालतं पण तारेखालचं गवत काढत राहावं लागतं. घरचा करंट तारेत अजिबात सोडू नका, त्यानं माणसं मेलीत. पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज द्या, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही.

कॉलनीत माझ्या मते पहिला बंदोबस्त कुत्र्यांचा. आमच्याकडं मंगल कार्यालयाचं उष्टं आणि ढाब्याची कोंबडीची घाण एकाच खड्ड्यात पडते, त्यावर पंधरा-वीस कुत्री पोसली गेलीत, तीच पहाटे कळपामागं लागतात आणि मग हरणं रस्त्यावर नाहीतर गेटातून आत. तो खड्डा बंद करा म्हणून दोन वर्षं अर्ज करायलोय.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक मादी पळता पळता बिनकठड्याच्या विहिरीत पडली. वनखात्याची माणसं आली, जाळं सोडून वर काढली, डोळ्यावर टावेल टाकला, जखम म्हणाल तर गुडघ्याला खरचटलं तेवढंच. पण भोवती शंभर माणसं, प्रत्येकाचा मोबाईल वर. लिंबाखाली ठेवली तर अर्ध्या तासात मान टाकली. धसक्यानंच मरतं हो ते, अंगातले स्नायूच खराब होतात म्हणतात.

म्हणून पकडून दुसरीकडं सोडा हे बोलायला सोपं आहे. मध्य प्रदेशात 2025 च्या ऑक्टोबरमध्ये शाजापूरकडं केलं तसं, हेलिकॉप्टरनं हळूहळू हाकत नरसाळ्यासारख्या कुंपणात न्यायचं, त्याला बोमा म्हणतात, बेशुद्ध करायचं नाही, तसंच गाडीत चढवायचं, शेकडो काळवीट असे हलवले. पण ते सरकारनं करायचं काम, सोसायटीनं नाही.

तुम्ही एवढं करा, मागची विहीर बघून या, कठडा नसेल तर वर्गणी काढून जाळी टाका. गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलून आणू नका, आईच त्याला तिथं दडवून चरायला गेलेली असते. जखमी दिसलं तर वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन करा, आणि तोवर पोरांना लांब ठेवा.