जर्मनीला जा, पण राजीनामा कशासाठी?

पत्र: वय ३४, जीएनएम (नर्सिंगची पदविका). पुण्यातल्या खासगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. नोकरीला ८ वर्षं १० महिने झाले. बेसिक १८ हजार, हातात ३२ हजार. पती टेम्पो चालवतात, मुलगी चार वर्षांची. सासूबाईंना मधुमेह आहे, त्या माझ्या रुग्णालयाच्या मेडिक्लेममध्ये आहेत. बँकेतून घेतलेली पेन्शन पॉलिसी आहे, वर्षाला ६० हजार. जर्मनीत महिना तीन लाख मिळतात म्हणून एजंट साडेपाच लाख मागतो. पीएफ काढू की दागिने गहाण ठेवू? पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन पूर्णवेळ जर्मन शिकणार आहे.

उत्तर: ताई, तुम्ही साडेपाच लाखांचं विचारलंत. मी अडकलो ते शेवटच्या वाक्यावर.

मुळाक्षरांपासून जर्मनच्या बी-टू पातळीपर्यंत जायला पूर्णवेळ शिकूनही वर्ष सहज जातं. चौदा महिने धरा. ३२ हजार गुणिले चौदा, म्हणजे साडेचार लाखांचा पगार बुडणार. एजंटच्या फीखालोखाल हाच सगळ्यात मोठा खर्च, आणि तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

राजीनाम्याबरोबर मेडिक्लेम जाईल. सासूबाईंसाठी नवी पॉलिसी मिळालीच, तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. टेम्पोच्या कमाईत एक आयसीयूचं बिल कसं बसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बदली पॉलिसी हातात येईपर्यंत हे कवच सोडू नका. जर्मनीला गेल्यावर हा प्रश्न येणारच आहे, म्हणून बदली पॉलिसीसाठी अर्ज आत्ताच करा.

आणखी एक. चौदा महिन्यांनी तुमची दहा वर्षं पूर्ण होतात, आणि ईपीएसचं, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेचं, मासिक पेन्शन दहा वर्षांच्या सेवेवर मिळतं. १५ हजार (पेन्शनसाठी धरला जाणारा कमाल पगार) गुणिले १० भागिले ७०, म्हणजे ५८ नंतर महिना साधारण २,१०० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण त्यासाठी तुमच्या पगारातून वेगळं काही कापलं जात नाही. पीएफ काढायच्या भरात लोक हेही काढून बसतात. ग्रॅच्युइटीचा तर तुम्ही उल्लेखच केला नाहीत! आज सोडलीत तरी ९३ हजारांच्या आसपास हक्काचे आहेत, दहा वर्षांनी एक लाखाच्या वर.

तेव्हा भाषा नोकरीत राहूनच शिका. वीकएंडची किंवा ऑनलाइन बॅच घ्या आणि इनचार्ज सिस्टरांशी बोलून ड्युटी त्याप्रमाणे लावून घ्या. गटे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या बी-वन आणि बी-टू परीक्षांचे चार भाग वेगवेगळे देता येतात, लेखनात अडलात तर तेवढंच पुन्हा. दीड-दोन वर्षं लागली तर लागू द्या. आयसीयूत काम चालू असलेली नर्स आणि वर्षभर घरी बसलेली नर्स, यांतली कोण निवडली जाईल हे उघड आहे. परिचर्या परिषदेचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. तुमचं चालू आहे ना, ते आजच बघा.

आता एजंट. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क ३० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपर्यंतच घेता येतं. बाकीचे पाच लाख ‘ट्रेनिंग’, ‘फाइल’, ‘समुपदेशन’ अशा नावांनी फोडून येतात. नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवू नका, कितीही गोड बोलला तरी. केरळच्या नर्सेस नोर्का या तिथल्या सरकारी संस्थेच्या ‘ट्रिपल विन’ योजनेतून जर्मनीला जातात, त्यांना भरतीची फी पडत नाही.

आणि ते तीन लाख! पदविकेला तिथली मान्यता मिळेपर्यंत बहुतेकींना सहायक म्हणूनच काम असतं. वृद्धसेवेतल्या सहायकाचा किमान दर जुलै २०२५ मध्ये तासाला १६.१० युरो झाला. आठवड्याला ३९ तास धरले तर महिना २,७००, कर आणि विमा जाऊन हातात १,९०० च्या आसपास. भाडं, जेवण, प्रवास यांत तेराशे जातील. उरले सहाशे. युरो शंभराचा धरला तर ६० हजार रुपये. मान्यता मिळालेल्या नर्सचा किमान दर तेव्हा २०.५० होता, म्हणजे मान्यतेनंतर शिल्लक वाढेल. हा चांगला सौदा आहे, म्हणून मी जाऊ नका म्हणत नाही. पण साडेपाच लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन गेलात तर पहिलं वर्ष एजंटसाठीच राबाल.

पॉलिसीबद्दल थोडक्यात. दहा वर्षं ६० हजार भरून विसाव्या वर्षी अकरा लाखांच्या घरात मिळत असतील (अशा योजनांत साधारण हेच असतं), तर परतावा चार टक्क्यांच्या आसपास. तुमच्या पीएफला २०२४-२५ मध्ये सव्वाआठ टक्के मिळाले. ‘पेन्शन’ म्हणून हे विकणाऱ्याला कमिशन मिळालं, तुम्हाला काय मिळालं? सरेंडर (पॉलिसी आत्ता मोडली तर) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून ती चालू ठेवली तर), दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा आणि मला पाठवा, मग ठरवू.

पीएफला हात लावू नका. दागिने आज कपाटातच राहू देत. नोकरीचा सही झालेला करार आला आणि तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचं भाडं यांना पैसे कमी पडले, तर तेवढ्यापुरतंच गोल्ड लोन बँकेतून घ्या. पर्सनल लोनपेक्षा ते स्वस्त पडेल.