खलबत आणि खलबत्ता

प्रिय चिनू,

आजी फोनवर म्हणाली, "काय खलबतं चाललीयत दोघांची?" आणि तू विचारलंस, दार लावून तुम्ही काय कुटत होतात? मागोमाग दुसरं, मला कळू नये म्हणून मराठीत बोलता का? पहिल्याला हसले. दुसरं टोचलं, म्हणून आधी सोपं घेते.

खलबताचा खलबत्त्याशी संबंध नाही. मूळ अरबी 'खल्वत', म्हणजे एकांत. 'खोली खाली करा' म्हणताना रिकामी या अर्थाचा जो 'खाली', तो त्याच मुळाचा. फारसीतून शब्द दरबारात आला आणि आपल्या जिभेवर 'व'चा 'ब' झाला. शिवाजीमहाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी खलबत काही हटलं नाही. रायगडावर राजवाड्याजवळचं एक तळघर आजही खलबतखाना म्हणून दाखवतात.

खलबताला निदान दोघं लागतात, हळू आवाज लागतो आणि काहीतरी ठरवायचं असावं लागतं. नुसत्या गप्पा म्हणजे खलबत नव्हे. निवडणुकीच्या निकालानंतर बंद दाराआड चालतात ती खलबतं. बहुतेक वेळा अनेकवचनीच. त्याला कटाचा वास असतो, म्हणून आजीनं चिडवलं तर चालतं, तू काकांना म्हणालीस तर ते दुखावतील. मनातलं मायेनं सांगणं असेल तर हितगुज म्हण. त्यातलं 'गुज' हे 'गुह्य'चं झिजलेलं रूप, जसं संध्याचं सांज.

तुझा खलबत्ता मात्र अगदीच वाया गेला नाही. 'यावर बराच खल झाला' म्हणतात ना, तो खल खरोखर कुटायचाच. वैद्य खलात औषध घोटत राहतो तसा विषय घोटायचा. त्यात लपवाछपवी नाही, वेळ फार जातो एवढंच.

आता दुसरं. हो, कधीकधी बोलतो तसं. आमच्याकडे मोठी माणसं माजघराचं दार ओढून घेत आणि आम्ही पोरं बाहेर कान लावून. इथल्या भिंती पातळ, म्हणून मराठीचंच दार केलं आम्ही. तुला भाषा यावी म्हणून मागे लागायचं आणि तीच तुझ्यापासून लपायला वापरायची, हे मलाही बरं वाटत नाही.

परवाचं खलबत होतं, सुट्टीत तुला महिनाभर आजीकडे ठेवावं का, याचं. तिकीट काढलेलं नाही. नको असेल तर नको म्हण.

आई