मापात पाप आणि फाशीचं गाणं

प्रश्न : माझा मुलगा सध्या 'द मेन दे कुडन्ट हँग' या लंडनच्या फोक-पंक बँडचा 'वेटिंग फॉर बोनापार्ट' हा १९८८चा अल्बम सारखा लावतो. त्यातलं 'द कलर्स' हे फाशी जाणाऱ्या खलाशाचं गाणं आहे म्हणे. असं खरंच घडलं होतं का? आणि एवढ्या दुःखाच्या गोष्टीला इतका दणदणाट कशाला?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घडलं होतं. साल १७९७, ठिकाण नोर, म्हणजे थेम्सच्या मुखाशी जहाजं नांगर टाकतात ती जागा. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये मी बावीस वर्षं काढली, त्या पाण्यातून गेलोय. गढूळ पाणी, बोचरा वारा, सपाट किनारा. दुसरं काही नाही.

ब्रिटिश नौदलातल्या खलाशांचा पगार तेव्हा जवळजवळ १४० वर्षं वाढला नव्हता. वर मापात पाप. वजनाचा पौंड सोळा औंसांचा, पण जहाजावरचा कोठीवाला रेशन देताना हातावर चौदाच ठेवायचा. उरलेले दोन नासाडीच्या नावाखाली कापलेले. एका जहाजावर आमचंही रेशन असंच कमी भरायचं. समुद्रात माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, म्हणून ते फार लागतं.

आधी एप्रिलमध्ये स्पिटहेडचे, म्हणजे पोर्ट्समथजवळच्या नौदलाच्या नांगरवाड्याचे, खलाशी बंड करून उठले. त्यांना पगारवाढ मिळाली, माफीही मिळाली. नोरच्या खलाशांनी त्यापुढचं मागितलं, लंडनकडे जाणारा व्यापार अडवला. सरकारने रसद तोडली, तशी एकेक जहाजं बंडातून फुटली. बंडखोर खलाशांनी निवडलेला अध्यक्ष रिचर्ड पार्कर याला ३० जूनला 'सँडविच' जहाजावर, डोलकाठीच्या परबाणाला, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीला, फाशी दिलं. त्याची बायको अ‍ॅन हिने काही बायकांना हाताशी धरून रात्री त्याचं प्रेत उकरून काढलं आणि लंडनला नेऊन रीतसर पुरलं. ही बाई माझ्या मनातून जात नाही.

आता दणदणाटाचं. गाण्यातला खलाशी रडत नाहीये. त्याने टॉमस पेनचे, म्हणजे राजेशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या त्या काळच्या लेखकाचे, विचार ऐकलेत. लाल, निळा, पांढरा या रंगांचे अर्थ तो स्वतः लावतो, आणि पांढरा शरणागतीचा नव्हे हे ठणकावून सांगतो. मरायला उभा असलेला माणूस जमलेल्या गर्दीशी बोलतोय, तेही उघड्या डेकवर. हळू आवाजात ते कसं जमणार? गिटार, मँडोलिन आणि ढोल एकदम अंगावर येतात ते मला म्हणूनच पटतं. याच अल्बममधलं तस्करांवरचं 'स्मगलर्स'ही ऐका. तेही असंच धावतं.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून आणखी एक. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत ब्रिटिशांच्या हाताखालच्या भारतीय नौदलाच्या 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावरच्या नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हाही ठिणगी पडली ती निकृष्ट जेवणावरून. कोकणातली कितीतरी पोरं तेव्हा त्या नौदलात होती. तुमच्या ओळखीत एखाद्या घरी आजोबांनी सांगितलेली त्या दिवसांची आठवण कुणी जपली असेल, तर मुलाला तिथे घेऊन जा.