जाहिरात नाही, फी नाही; मग खर्च कोण भागवतं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. नान्नजचं माळरान, उजनीचं पाणी इथल्या पक्ष्यांचे फोटो काढतो. सध्या टाकतो तिथे ते जाहिरातींच्या गर्दीत हरवतात. भाची म्हणते, 'मामा, मास्टोडॉनवर या, तिथे जाहिराती नाहीत, पैसेही लागत नाहीत.' मग खर्च कोण करतं? आणि फुकटाच्या बदल्यात आपल्याकडून काय काढून घेतात?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, भाचीचं म्हणणं खरं आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे.

मास्टोडॉन हे पोस्ट आणि फोटो टाकण्याचं समाजमाध्यम आहे, पण ती एका मालकाची जागा नव्हे. जर्मनीतल्या ऑयगेन रोचको या तरुणाने २०१६ मध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. ते घेऊन कुणीही आपला सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्ट साठवणारा संगणक, उभारू शकतो. असे हजारो सर्व्हर आहेत आणि एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी सहज बोलतो. खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो. काही सर्व्हर ओपन कलेक्टिव्ह या देणग्यांचा हिशेब सर्वांना दाखवणाऱ्या संकेतस्थळावर जमाखर्च उघडा ठेवतात. उत्सवानंतर आपल्याकडची मंडळं चौकात फलक लावतात, तसाच.

पैसा जास्त खातात ते फोटो. तुमचा रोहितांचा थवा तुमच्या सर्व्हरवर साठतो, शिवाय तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या सर्व्हरांवरही त्याची प्रत जाते. दुसरीकडून आलेल्या अशा प्रतींनी डिस्क भरते, म्हणून जुन्या प्रती अधूनमधून साफ कराव्या लागतात. आणि हेही ध्यानात घ्या : तुम्ही फोटो काढून टाकलात तरी दुसऱ्यांकडच्या सगळ्या प्रती जातीलच, याची हमी नाही.

वागणुकीचं म्हणाल, तर फॉलो केलेल्यांच्या पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. पैसे देऊन कुणी पुढे घुसत नाही. मी ज्या छोट्या सर्व्हरवर आहे, तो चालवणारा मुलगा दिवसभर नोकरी करतो आणि रात्री तक्रारी निपटतो. एका मुलीला कुणी घाणेरडे संदेश पाठवत होतं. तिने कळवल्यावर त्याच रात्री ते खातं बंद झालं आणि तिला तसं उत्तरही गेलं. मोठ्या कंपन्यांकडे तक्रार करून ताटकळलेल्यांना याची किंमत कळेल. म्हणून मी दर महिन्याला थोडे पैसे देतो आणि तुम्हीही द्यावेत असं मला मनापासून वाटतं. अशा माणसांना एकटं सोडलं की ती थकतात आणि सर्व्हर बंद पडतात.

मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरांनी काही अटी मान्य केलेल्या असतात : रोज बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल असा दुसरा माणूस, बंद करायचं तर किमान ३ महिने आधी सूचना. त्या यादीतूनच निवडा. खातं दुसरीकडे हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. मूळ फोटो घरच्या हार्ड डिस्कवर हवेतच.

खासगी संदेशांवर भिस्त ठेवू नका. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. आधार, बँक, ओटीपी यातलं काहीही तिथे लिहायचं नाही.

खातं उघडण्याआधी भाचीला सोबत घेऊन त्या सर्व्हरचं 'माहिती' पान वाचा. नियम कोणते, चालवतं कोण, पैसा कुठून येतो, हे तिथे सापडलं नाही तर दुसरा सर्व्हर बघा.