आधी दूध पिताना बघ

प्रिय डॉक्टर,

अंगणवाडी तपासणीच्या पथकात रुजू झालीस, छान झालं. 'मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, ओळखता येईल का मला?' असं विचारलंस. येईल, कान हळूहळू तयार होतो. पण नुसत्या कानावर विसंबू नकोस. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक असलं, तरी पहिल्या काही दिवसांत आवाज येत नाही, कारण फुप्फुसातला दाब तेव्हा जास्त असतो. महिना-दीड महिन्यात तो उतरला की रक्त तिकडे धावतं आणि बाळ दमायला लागतं.

माझ्याकडे चार महिन्यांचं एक बाळ यायचं, वजन जेमतेम साडेतीन किलो. आई म्हणायची, "माझंच दूध कमी पडतंय." दोनदा मी कागदावर 'न्यूमोनिया' लिहून पाठवलं. तिसऱ्यांदा गर्दी नव्हती, म्हणून ती पाजत असताना समोर बसले. चार घोट, की सोडलं. धाप. पुन्हा चार घोट. कपाळावर घामाचे थेंब, आणि ते टिपून टिपून तिच्या पदराचं टोक ओलं झालेलं. ती रोज बघत होती. मी विचारलंच नव्हतं.

जांघेतली नाडी चुकवू नकोस. ती लागतच नसेल, तर महाधमनी अरुंद असू शकते. सावळ्या मुलांत निळेपणा ओठांवर फसवतो, जीभ बघ. खेळता खेळता उकिडवं बसणाऱ्या पोराकडे नीट लक्ष दे. फॅलोच्या आजारात, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त कमी जाणाऱ्या जन्मजात हृदयदोषात, मुलं धापेवर हा उपाय आपला आपणच शोधतात! असं मूल रडून काळंनिळं पडलं, तर गुडघे छातीशी दुमडून धर आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठव.

लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, तेव्हा उगाच घाबरवू नकोस. मोठ्या भोकांच्या बाबतीत मात्र 'जरा मोठा होऊ दे, मग बघू' हे आजीचं म्हणणं मान्य करू नकोस. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या एकदा कडक झाल्या की भोक बुजवताही येत नाही.

तुझा हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया मोफत होते, पण चिठ्ठी दिली म्हणजे मूल टेबलावर पोचलं असं नाही. सुगी असते, गाडीभाडं नसतं, धाकटं कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो. पाठवलेल्यांची वेगळी वही ठेव, दर पंधरवड्याला फोन कर. लागला नाही तर आशाताईंना सांग, त्यांना घर माहीत असतं.

तुझी,
मॅडम